प्रश्न तुमचे, उत्तरं मैदानावरून : खाण कामगारांचा 'वर्ल्ड कप' आणि मंडळाची वही

गेल्या अंकात एफए (फुटबॉल असोसिएशन) कपबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की इंग्लंडच्या या स्पर्धेत मँचेस्टर-लिव्हरपूलसारख्या बड्यांबरोबर गावातल्या छोट्या नॉन-लीग क्लबांनाही एंट्री असते, सातशेच्या वर टीम असतात, आणि बडे लोक जानेवारीत मैदानात उतरतात तोवर छोट्यांच्या ऑगस्टपासून कितीतरी फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळी क्रिकेट आणि कबड्डीवाल्यांना जरा थांबावं लागणार. रागावू नका, पुढच्या अंकात तुमचंच राज्य.

प्रश्न : सर, नॉन-लीग म्हणजे ते लीग खेळतच नाहीत का? मग वर्षभर करतात काय? (कॉलेजचा विद्यार्थी, मिरज)

उत्तर : खेळतात की! नुसते खेळत नाहीत, पावसाचिखलात आठवड्याला दोन-दोन मॅच खेळतात. भानगड एवढीच आहे की इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजन म्हणजे प्रीमियर लीगच्या २० आणि त्याखालच्या इंग्लिश फुटबॉल लीगच्या ७२, अशा ९२ टीम झाल्या, आणि त्यांच्या खाली जे काही आहे ते सगळं नॉन-लीग. मूळ फुटबॉल लीग १८८८ साली १२ क्लबांनी सुरू केली, त्यात जे नव्हते ते बाहेरचे, तिथून हे चालत आलंय. पण बाहेरच्यांच्यातही पायऱ्या आहेत, सगळ्यात वर नॅशनल लीग, मग तिचे नॉर्थ आणि साउथ, मग नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन, आणि त्याच्याही खाली जिल्ह्या-जिल्ह्याच्या लीग. जिंकत गेलात तर वर चढता, हरत गेलात तर खाली. खेळाडू बहुतेक ठिकाणी नोकरी-धंदा सांभाळून खेळतात, कुणी शिक्षक, कुणी प्लंबर, कुणी गाडी चालवतो, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी प्रॅक्टिस आणि शनिवारी मॅच.

आता गंमत सांगतो. हे वर चढणं पूर्वी खेळून व्हायचंच नाही. तळातल्या क्लबांनी पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करायचा, बाहेरच्यांनीही करायचा, आणि मतदान कोण करणार तर लीगमधलेच क्लब! म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत जुनंच पॅनेल कसं परत परत येतं तसंच, आतले आतल्यांना सांभाळून घ्यायचे. तरी अधूनमधून कुणीतरी घुसायचं, १९७७ ला विम्बल्डन आत आलं आणि वर्किंग्टन बाहेर, १९७८ ला विगन आत आणि साउथपोर्ट बाहेर. १९८६-८७ च्या सीझनपासून मग नियम झाला की खालचा चॅम्पियन थेट वर, आणि १९८७ ला स्कारबरो हा असा चढलेला पहिला क्लब ठरला.

आणि एफए कपमधले धक्के म्हणशील तर ५ फेब्रुवारी १९७२ ला तेव्हा नॉन-लीग असलेल्या हेरफर्ड युनायटेडनं चिखलाच्या मैदानावर सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधल्या न्यूकॅसलला २-१ नं हरवलं ते यूट्यूबवर बघ, रॉनी रॅडफर्डचा लांबून मारलेला गोल आहे त्यात, तो बॉल कसा काय गेला अजून कळत नाही. २०१७ ला लिंकन सिटी नॉन-लीग असताना प्रीमियर लीगच्या बर्नलीला त्यांच्याच मैदानात हरवून क्वार्टर फायनलला पोचली. पण लीग सुरू झाल्यावर बाहेर राहून कप उचललेली एकच टीम, १९०१ चं टॉटनहॅम. हो, तेच टॉटनहॅम.

तू मिरजेचा, म्हणजे तुला हे सगळं फार परकं वाटायला नको. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच ज्यानं एकदा बघितलीय त्याला गावचा क्लब म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नसते.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतंय, की पहिला फुटबॉल वर्ल्ड कप १९३० चा नाहीच, तो १९०९ ला लिप्टन चहावाल्यानं भरवला होता आणि इंग्लंडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांनी युव्हेंटसला हरवून जिंकला, आणि फिफा हे लपवतंय. खरं हाय का हे? का नेहमीसारखी थाप? (एक वाचक, विटा)

उत्तर : यातलं निम्मं खरं आहे आणि खरं तेच जास्त भारी आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगणा, सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा. तिथं वेस्ट ऑकलंड नावाचं एक छोटं गाव. गावच्या क्लबात खेळणारे बहुतेक सगळे खाणीत काम करणारे, हौशी खेळाडू, म्हणजे खेळायचा एक पैसाही मिळायचा नाही, उलट मॅचसाठी पाळी बुडाली तर मजुरी गेली. लीग कुठली तर नॉर्दर्न लीग, १८८९ ला सुरू झालेली आणि आजही चालू असलेली.

दुसरीकडे सर थॉमस लिप्टन. ग्लासगोच्या गरीब घरातला पोरगा, किराणा दुकानांची साखळी उभी केली, १८९० पासून सिलोनमध्ये चहाचे मळे घेतले आणि चहाचा राजाच झाला. या माणसाला कपांचं भारी वेड. स्वतः अमेरिकाज कप या शिडाच्या जहाजांच्या शर्यतीत १८९९ पासून १९३० पर्यंत पाच वेळा उतरला, पाचही वेळा हरला, पण दुसऱ्यांना कप वाटायची हौस काही गेली नाही. तर १९०९ च्या ईस्टरला इटलीत तुरिन शहरात त्याच्या नावाच्या चांदीच्या कपासाठी स्पर्धा भरली. जर्मनीची टीम, स्वित्झर्लंडची टीम, तुरिनच्याच युव्हेंटस आणि तोरिनो या दोन क्लबांचे खेळाडू मिळून केलेली एक टीम, आणि चौथी इंग्लंडची हवी होती. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं टीम पाठवायला नकार दिला. मग आमंत्रण गेलं ते या वेस्ट ऑकलंडला!

का गेलं यावर गावात एक किस्सा सांगतात, की लिप्टनच्या माणसाला वूलिच आर्सेनलला बोलवायचं होतं, म्हणजे आजचं आर्सेनल, पण कागदावर नुसतं डब्ल्यू ए होतं आणि त्यानं पत्र भलत्याच डब्ल्यू एला टाकलं. किस्सा फक्कड आहे पण त्याला कागदाचा पुरावा नाही, तेव्हा तुम्ही तो सांगताना 'असं म्हणतात' जोडून सांगा.

पोरं स्वतःच्या खर्चानं निघाली. कुणी घरातल्या वस्तू विकून पैसे उभे केले असंही सांगतात. कुठं डरहॅमची खाण आणि कुठं तुरिन, रेल्वे, मग बोट, मग परत रेल्वे. पोचल्यावर पहिल्या मॅचमध्ये स्टुटगार्टला २-० आणि फायनलला स्वित्झर्लंडच्या विंटरथुरला २-० असं हरवून कप घेऊन आली. म्हणजे १९०९ च्या फायनलला युव्हेंटस नव्हतीच, तुमच्या फॉरवर्डमधली पहिली चूक ही. युव्हेंटस आली १९११ ला. वेस्ट ऑकलंड कप राखायला परत तुरिनला गेली, झ्युरिकला २-० नं काढलं आणि फायनलला युव्हेंटसला, ऐका नीट, ६-१ नं धुतलं. दोनदा लागोपाठ जिंकल्यामुळे कप कायमचा त्यांचा झाला.

आता वर्ल्ड कप म्हणायचं का याला? मी तरी म्हणणार नाही. चार देशांतून चार टीम, त्याही क्लबच्या, देशाच्या नव्हेत. शिवाय तुरिनमध्येच १९०८ ला अशीच एक आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धा होऊन गेली होती, आणि त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये चक्क देशांच्या टीम खेळल्या होत्या. फिफा १९०४ पासून होती पण या स्पर्धेशी तिचा काही संबंध नव्हता, त्यामुळे लपवायचा प्रश्नच येत नाही. गावकरी अभिमानानं पहिला वर्ल्ड कप म्हणतात ते म्हणू देत, त्यांचा हक्क आहे. २०१३ ला गावात त्या खेळाडूंची आठवण म्हणून पुतळाही बसवलाय. पण खाणीतनं वर येऊन अंगावरची काजळी धुऊन संध्याकाळी प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांनी युव्हेंटसला सहा गोल घातले एवढं खरं असताना त्यावर वर्ल्ड कपचं लेबल कशाला पाहिजे?

प्रश्न : वेस्ट ऑकलंडनं जिंकलेला कप पुढे गहाण टाकला असं कुठंतरी वाचलं, फार वाईट वाटलं. एवढा मोठा चहावाला, त्याला पोरांचा खर्च देता आला नसता का? आणि जिंकलेली वस्तू गहाण टाकायची म्हणजे काय! (एक ताई, गावभाग, सांगली)

उत्तर : ताई, गहाण टाकला हे खरं. दुसऱ्या दौऱ्याहून आले तेव्हा क्लब कर्जात बुडालेला होता. गावात व्हीटशीफ नावाचं हॉटेल होतं, तिथंच क्लबचा अड्डा, त्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी ४० पौंड दिले आणि कप त्यांच्याकडे गेला. क्लबही पुढे काही काळ बंद पडला आणि पुन्हा उभा राहिला. कप मात्र त्या बाईंच्या घरी पडून राहिला तो थेट १९६० पर्यंत, तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि १०० पौंड देऊन परत आणला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं तो कप त्यांचा होता आणि नव्हताही.

मला विचाराल तर मला त्या पोरांचा राग येत नाही. उधारी फेडायची तर क्लबकडे विकण्यासारखं होतं काय? मैदान दुसऱ्याचं, बूट ज्याचे त्याचे, शिल्लक राहिला कप. आणि लिप्टनसाहेबांचं म्हणाल तर कप देणारे दाते सगळीकडे भेटतात हो, कपावर नाव येतं ना! जाण्यायेण्याचं भाडं, जेवणाचे डबे, गुडघा फुटला तर डॉक्टर, यावर कुणाचं नाव कोरता येत नाही म्हणून त्याला दाता मिळत नाही. आपल्याकडच्या टूर्नामेंटची हँडबिलं काढून बघा, प्रथम क्रमांक चषक अमुक साहेब, द्वितीय तमुक साहेब, बेस्ट गोलकीपर यांच्या स्मरणार्थ, आणि खाली बारीक अक्षरात प्रवेश फी.

त्याच पट्ट्यातलं अजून एक सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल हे वेड किती होतं. शेजारीच बिशप ऑकलंड, यांनी हौशी क्लबांचा एफए अॅमेच्युअर कप १० वेळा जिंकला, त्यात १९५५, ५६, ५७ लागोपाठ. १९५४ ला वेम्ब्लीवर बिशप ऑकलंड आणि जवळचंच क्रुक टाउन यांची फायनल होती, दोन्ही डरहॅमची खाणगावं, आणि बघायला एक लाख लोक! पगार न घेणाऱ्या पोरांची मॅच. बरोबरी झाली, परत खेळले, परत बरोबरी, तिसऱ्यांदा क्रुक १-० नं जिंकलं. आणि फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडची टीम अर्धी संपली तेव्हा याच बिशप ऑकलंडचे डेरेक लेविन, बॉब हार्डिस्टी आणि वॉरन ब्रॅडली त्यांच्या मदतीला गेले. त्यातला ब्रॅडली पुढच्या वर्षी इंग्लंडकडनंही खेळला, पेशानं शिक्षक होता तो. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एकाला अडचणीच्या वेळी गावच्या हौशी क्लबानं माणसं दिलीत, हे लोक विसरतात. अॅमेच्युअर कप १९७४ ला बंद झाला, हौशी आणि व्यावसायिक हा फरकच कागदावरून काढून टाकला म्हणून. खाणीही एकेक करत बंद झाल्या, क्लब मात्र आहेत.

प्रश्न : तो लिप्टन कप आत्ता कुठं आहे? (आठवीतला विद्यार्थी, कवठेमहांकाळ)

उत्तर : चोरीला गेला रे. जानेवारी १९९४ मध्ये गावातल्या कामगारांच्या क्लबातून चोरांनी लांबवला आणि तो परत मिळाला नाही. हुबेहूब तसाच दुसरा बनवून घेतलाय, तो तिथं बघायला मिळतो. कपांच्या चोऱ्या ही फुटबॉलमधली जुनीच भानगड आहे. पहिला एफए कप १८९५ ला बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या काचेतून गेला तो गेलाच. वर्ल्ड कपची जुनी ज्यूल्स रिमे ट्रॉफी १९६६ ला लंडनमध्ये चोरली, ती पिकल्स नावाच्या कुत्र्यानं झुडपाखालून शोधून काढली, आणि १९८३ ला ब्राझीलमधून परत चोरली, तेव्हा पिकल्स नव्हता.

प्रश्न : आमच्यात पैज लागलीय. जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब मोहन बागान की मँचेस्टर युनायटेड? (चहाच्या टपरीवरचे मित्र, आष्टा)

उत्तर : दोघंही हरलात, पैजेचा चहा टपरीवाल्याला पाजा. मोहन बागान १८८९ चा, आपल्यासाठी फार मोठा, १९११ ला अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश फौजी टीमला २-१ नं हरवून कोलकात्याची आयएफए शिल्ड स्पर्धा जिंकलेला. बघा योगायोग, ज्या वर्षी खाणीतल्या पोरांनी तुरिनला युव्हेंटसला धुतलं त्याच वर्षी. मँचेस्टर युनायटेड १८७८ चा. पण सगळ्यात जुना म्हणजे शेफिल्ड एफसी, २४ ऑक्टोबर १८५७, आणि तो आजही नॉन-लीगच आहे!

नॅथनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे दोघं क्रिकेट खेळणारे. हिवाळ्यात क्रिकेट बंद, अंगाला गंज चढतो म्हणून फुटबॉल क्लब काढला. पण खेळणार कुणाशी? दुसरा क्लबच नव्हता! मग आपसातच टीम पाडायच्या, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशा मॅच व्हायच्या. १८६० ला शेजारी हॅलम क्लब निघाला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला सँडीगेटच्या मैदानावर दोघांची मॅच झाली, शेफिल्ड २-० नं जिंकलं, दोन क्लबांमधली जगातली पहिली मॅच ही. ते मैदान आजही वापरात आहे, हॅलम अजून तिथंच खेळतं.

शेफिल्डनं १८५८ ला स्वतःचे नियम लिहिले, लंडनच्या असोसिएशनचे नियम त्यानंतर पाच वर्षांनी आले. कॉर्नर किक ही शेफिल्डकडचीच. बरीच वर्षं उत्तरेत शेफिल्डचे नियम आणि लंडनकडे लंडनचे असं चाललं, १८७७ ला ते एक झाले. मग १८८५ ला खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी मिळाली आणि शेफिल्डनं ठरवलं की आपण पैसे द्यायचे नाहीत. तत्त्व छान पण त्याची किंमत मोजावी लागली, बाकीचे पुढे निघून गेले. त्यांच्या नावावर मोठी म्हणावी अशी ट्रॉफी एकच, १९०४ चा अॅमेच्युअर कप. १९७७ ला एफए व्हाज या छोट्या क्लबांच्या कपाची फायनल वेम्ब्लीवर बिलरिकीशी बरोबरीत सोडवली आणि रिप्लेला हरले. दीडशे वर्षं झाली तेव्हा २००७ ला इंटर मिलान खेळायला आली होती, पेले आले होते. फिफानं २००४ ला ऑर्डर ऑफ मेरिट दोनच क्लबांना दिलं, एक रिआल माद्रिद आणि दुसरा हा. आणि या क्लबचं मैदान कुठं आहे माहितीये? शेफिल्डमध्ये नाहीच, शेजारच्या डर्बीशायरमध्ये ड्रॉनफिल्ड गावात, एका पबच्या मागं.

पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट २०११ ची. क्लबला पैशाची गरज होती. विकायला कप नव्हता, मग त्यांनी सॉदबीज या लिलाव कंपनीकडे आपली जुनी कागदपत्रं दिली, हातानं लिहिलेला नियमांचा मसुदा, छापील नियमांची शिल्लक राहिलेली एकमेव प्रत आणि मीटिंगच्या वह्या. गेली कितीला? ८ लाख ८१ हजार २५० पौंडांना! वेस्ट ऑकलंडच्या चांदीच्या कपाला ४० पौंड आले होते. काळाचा फरक सोडून द्या, तरी बघा, कुणा सेक्रेटरीनं मीटिंग संपल्यावर दमलेल्या हातानं लिहून ठेवलेली वही कुठल्याही कपापेक्षा महाग निघाली. विकायला नको होती असं मला वाटतं, पण ते बाहेरून बोलणं सोपं.

प्रश्न : ब्राझीलचा कोरिंथियन्स आणि इंग्लंडचा कोरिंथियन एकच का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : एक नाहीत पण नातं आहे. लंडनचा हौशी कोरिंथियन क्लब १८८२ चा, १९१० ला ब्राझीलला खेळायला गेला, त्यांचा खेळ बघून साओ पाउलोच्या कामगारांनी त्याच वर्षी आपला क्लब काढला आणि नाव तेच ठेवलं. ब्राझीलवाला क्लब पुढे क्लबांचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. लंडनवाले १९३९ ला कॅज्युअल्स क्लबात मिसळून कोरिंथियन-कॅज्युअल्स झाले, ते नॉन-लीग आहेत आणि अजूनही खेळाडूंना पैसे देत नाहीत. २०१५ ला दोघांची साओ पाउलोत मॅच झाली, ब्राझीलवाले ३-० नं जिंकले, आणि स्टेडियम पाहुण्यांच्या नावानं गाणी म्हणत होतं.

प्रश्न : आमच्या मंडळाची फुटबॉल टीम जुनी आहे. पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतात, स्मरणिका काढायचं ठरलंय आणि ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडलीय. अडचण अशी की निम्म्या ट्रॉफ्या कुठं गेल्या पत्ता नाही आणि उरलेलं बरंच २०१९ च्या पुरात गेलं. लिहिण्यासारखं काही उरलंय का? (मंडळाचे सेक्रेटरी, सांगली)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, वरची सगळी उत्तरं तुमच्यासाठीच लिहिलीत असं समजा. ट्रॉफ्या गेल्या तर जाऊ देत. ट्रॉफीवर असतं काय, वर्ष, दात्याचं नाव आणि एक पत्र्याचा खेळाडू. कागद शोधा.

पहिलं म्हणजे मंडळ रजिस्टर असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तुमची फाइल असणार. नोंदणीच्या वेळची घटना, पहिल्या विश्वस्तांची नावं, आणि दरवेळी कमिटी बदलली की दिलेला चेंज रिपोर्ट. सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज करा. खेटे पडतील पण कोण कधी अध्यक्ष होता यावरची निम्मी भांडणं तिथंच मिटतात. जुने ऑडिट रिपोर्ट मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण बॉल कितीला आणला, कोल्हापूरला जायच्या टेम्पोचं भाडं किती, वर्गणी कुणाची थकली, हे त्यात असतं आणि वाचायला लोकांना तेच आवडतं.

दुसरं, तुमच्याकडचं पुरात गेलं असेल पण तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्याकडचं गेलं नसेल. कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगाव, मिरज, जिथं जिथं टूर्नामेंट खेळलात तिथल्या मंडळांना फोन लावा, त्यांच्या हँडबिलात, ड्रॉच्या कागदावर, ग्रुप फोटोत तुम्ही सापडाल. पेपरांच्या सांगली-कोल्हापूर आवृत्त्यांच्या जुन्या फाइली चाळा. आपल्या सांगली नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा एकाच ठिकाणाच्या भरवशावर राहू नका.

भिजलेले फोटो किंवा वह्या अजून कुणाच्या माळ्यावर असतील तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा, काढायला गेलात की चेहऱ्यांचा वरचा थर काचेवर राहतो.

तिसरं आणि खरं काम म्हणजे जुने खेळाडू. त्यांच्याकडे जाऊन 'काका, तुम्ही कुठल्या साली खेळलात' असं विचारलंत तर उत्तर येणार 'आमच्या वेळी'. साल कुणाच्या लक्षात राहत नाही, घटना राहतात. टीव्हीवर मॅराडोनाचा वर्ल्ड कप बघितला तेव्हा खेळत होता का, म्हणजे १९८६. २००५ च्या पुरानंतर मैदान कधी चालू झालं. खेळाच्या नियमांवरूनही साल पकडता येतं, आपल्याच डिफेंडरनं पायानं मागं दिलेला बॉल गोलकीपर हातात उचलायचा असं सांगितलं तर ती मॅच १९९२ च्या आधीची, कारण त्या वर्षी तो नियम बदलला, आपल्याकडे पोचायला वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं धरा. फायनल बरोबरीत सुटली आणि चिठ्ठ्या टाकून निकाल लावला असं कुणी सांगितलं तर अजून मागं जा. मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड करा, दोघातिघांना एकत्र बसवा, एक चुकला की दुसरा लगेच टोकतो.

आणि नुसते गोल मारणारे नका शोधू. जर्सी कुणाच्या घरी धुतल्या जायच्या, बाहेरगावची टीम आली की कुणाच्या घरी पंगत बसायची, कुठल्या दुकानदारानं बुटाची उधारी कधी मागितलीच नाही, पंप कुणाकडे असायचा. त्या घरातल्या बायकांना विचारा, त्यांना खेळाडूंची खरी नावं, टोपणनावं आणि कोण किती भाकरी खायचा हे सगळं पाठ असतं, पण स्मरणिकेसाठी त्यांच्याकडे कुणी जात नाही.

फूट पडली असेल ना मध्ये? पडलीच असणार, पन्नास वर्षांत फूट न पडलेलं मंडळ मी तरी बघितलं नाही. तो भाग गाळू नका. दोन्ही गटातल्या एकेकाला बोलवा, दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी छापा, तुम्ही निवाडा करू नका. जाहिराती कमी आल्या तर पानं कमी करा, पण मुलाखती कापू नका, शुभेच्छांची पानं कापा. आणि जमवलेल्या कागदांचे स्कॅन तीन वेगवेगळ्या घरी ठेवा, त्यातलं एक तरी घर गावभागापासून लांब, चढावरचं बघा.